क्रॉनिक मायग्रेनसाठी बोटॉक्स: पहिल्यांदाच घेणार असाल तर

बोटॉक्सचा निर्णय घेण्याआधी तुमच्या हातात एक कागद हवा: गेल्या तीन महिन्यांत डोकं किती दिवस दुखलं याचा. हे इंजेक्शन कोणाला द्यायचं, त्याने फरक पडला का, पुढे चालू ठेवायचं की थांबवायचं, हे सगळं दिवसांच्या आकड्यावर ठरतं. आणि नेमका तोच आकडा बहुतेकांकडे नसतो. "डॉक्टर, रोजच दुखतं हो" एवढ्यावर कोणताही चांगला न्यूरॉलॉजिस्ट सुई हातात घेणार नाही, घेऊही नये.

पहिली पायरी: दिवस मोजा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथे दुधाचा हिशेब मांडता, तिथेच हाही मांडा. वेगळं अ‍ॅप, वेगळी वही आठ दिवसांत मागे पडते; कॅलेंडर रोज समोर असतं. ज्या दिवशी डोकं दुखलं त्या तारखेच्या चौकटीत १, २ किंवा ३ लिहा. १ म्हणजे दुखत होतं पण कामं चालू होती, २ म्हणजे कामं रेटावी लागली, ३ म्हणजे अंधार करून आडवं व्हावं लागलं. गोळी घेतली तर आकड्याशेजारी एक टिंब, दोन घेतल्या तर दोन. पाळीचे दिवस गोल करून ठेवा.

इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात. फक्त ३ चे दिवस लिहितात. "आज बरं होतं, नुसतं जड होतं" हा दिवस रिकामा सोडतात. मग १९ दिवसांची डोकेदुखी कॅलेंडरवर ७ दिवसांची दिसते आणि निदानच चुकतं. जड डोक्याचा दिवसही दुखण्याचाच दिवस. तो १ म्हणून लिहा.

व्याख्या अशी आहे: महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चाललंय, आणि त्यातले किमान ८ दिवस खऱ्या मायग्रेनचे आहेत. म्हणजे ठणका, बहुधा एका बाजूला, जिना चढला की वाढणारा, सोबत मळमळ किंवा उजेड-आवाज नकोसा होणं. हे बसलं तर क्रॉनिक मायग्रेन. महिन्याला चार-सहा वेळाच अर्धशिशी उठत असेल तर बोटॉक्सचा उपयोग सिद्ध झालेला नाही. तिथे पैसे घालू नका.

डोकेदुखी नवी असेल, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झाली असेल, क्षणात आयुष्यातली सर्वांत तीव्र झाली असेल, किंवा सोबत ताप आणि मान आखडणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं असं काही असेल, तर कॅलेंडर बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दुसरी पायरी: गोळ्यांचा हिशेब

आता टिंब असलेले दिवस मोजा. साधी वेदनाशामक गोळी, म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी, महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस. ट्रिप्टान किंवा एर्गोटामिन ही खास मायग्रेनची गोळी, ट्रामाडोलसारखी जोरदार वेदनाशामक किंवा मेडिकलमध्ये सुटी मिळणारी कॅफीन घातलेली मिश्र गोळी महिन्यातून १० किंवा जास्त दिवस. असं तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल तर त्या गोळ्याच डोकेदुखी वाढवत असण्याची दाट शक्यता आहे. गोळ्या किती घेतल्या हे इथे महत्त्वाचं नाही, किती दिवस घेतल्या ते मोजायचं.

ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवली जाते, कारण ओरडा बसेल असं वाटतं. लपवू नका. गोळ्या तशाच चालू ठेवून बोटॉक्स घेतलं आणि फरक जाणवला नाही, तर दोष औषधाचा की गोळ्यांचा हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. कमी कशा करायच्या हे डॉक्टरांशी ठरवा; साध्या गोळ्या एकदम बंद करता येतात, पण ट्रामाडोल किंवा झोपेच्या गोळ्या स्वतःहून एकदम सोडणं धोक्याचं आहे. सोडल्यावर पहिला आठवडा-दीड आठवडा दुखणं वाढतं. हे आधी माहीत असलं तर माणूस टिकतो.

तिसरी पायरी: आधीची औषधं खरंच घेतली होती का?

बोटॉक्स सहसा पहिलं औषध म्हणून देत नाहीत. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेने २०१२ साली नियम घालून दिला: किमान तीन प्रतिबंधक औषधं, म्हणजे डोकं दुखू नये म्हणून रोज घ्यायची औषधं, वापरूनही उपयोग झाला नसेल आणि गोळ्यांचा अतिवापर आवरलेला असेल, तरच सरकारी खर्चाने बोटॉक्स. आपल्याकडेही हा मापदंड मनात धरायला चांगला आहे, कारण प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन ही औषधं त्यामानाने स्वस्त आहेत आणि अनेकांना पुरेशी ठरतात.

पण 'वापरलं' म्हणजे काय? रात्री १० मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलीन दहा दिवस घेतली, सकाळी गुंगी आली, सोडली, ही चाचणी झाली नाही. पुरेशा डोसवर साधारण दोन महिने राहिल्यावरच एखादं औषध निकामी ठरवता येतं. सोसलंच नाही तर गोष्ट वेगळी; ते तसं लिहून ठेवा. एका कागदावर चार रकाने करा: औषध, जास्तीत जास्त किती मिलिग्रॅमपर्यंत गेलो, किती आठवडे, का सोडलं. ज्या स्त्रियांना मूल हवं आहे किंवा राहू शकतं, त्यांनी टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट या दोन औषधांबद्दल डॉक्टरांना थेट विचारायचं, कारण दोन्ही गर्भाला अपाय करू शकतात.

चौथी पायरी: इंजेक्शन कोणाकडे आणि कशाचं

मायग्रेनचं बोटॉक्स आणि सुरकुत्यांचं बोटॉक्स यात औषध एकच, पण जागा, मात्रा आणि हेतू निराळे. कपाळावर पाच-सहा टोचे देऊन "मायग्रेनलाही बरं पडेल" असं कोणी सांगितलं तर तो हा उपचार नव्हे. हे क्रॉनिक मायग्रेनचं इंजेक्शन नियमितपणे देणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा वेदनाशमन तज्ज्ञाकडेच घ्या. आधी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

किती युनिट (हे औषध मोजायचं माप) आणि किती जागी? उत्तर '१५५ युनिट, ३१ जागी' असं किंवा त्याच्या जवळपासचं यायला हवं. दुखण्याची जागा बघून आणखी ४० युनिटपर्यंत वाढवता येतात, म्हणजे जास्तीत जास्त १९५ युनिट, ३९ जागी.

कोणत्या कंपनीचं? हे विचारताना संकोच करू नका. १५५ युनिटांची ही मात्रा ओनाबोटुलिनमटॉक्सिन-ए या प्रकारावर, म्हणजे बोटॉक्स या मूळ नावाच्या औषधावर बेतलेली आहे. डिस्पोर्टसारख्या दुसऱ्या उत्पादनाचं एक युनिट आणि बोटॉक्सचं एक युनिट सारखं नसतं.

किती कुप्या फुटणार? १५५ युनिटांसाठी १०० युनिटांच्या दोन कुप्या किंवा २०० ची एक लागते, आणि उरलेलं औषध वाया जातं. कुपी एका माणसासाठी असते. बिलाचा मोठा भाग या कुप्यांचाच असल्याने औषधाचे आणि डॉक्टरांच्या फीचे आकडे वेगवेगळे मागून घ्या. विमा असेल तर आधी लेखी विचारा आणि चिठ्ठीवर 'क्रॉनिक मायग्रेन' हे निदान ठळक लिहून घ्या. नुसतं 'बोटॉक्स' लिहिलेला कागद सौंदर्योपचार समजून परत येऊ शकतो.

डॉक्टरांनी न विचारताही सांगायच्या गोष्टी: गरोदर आहात किंवा मूल अंगावर पितं, मायस्थेनियासारखा स्नायू-नसांचा आजार आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, अलीकडे जेंटामायसिन किंवा अ‍ॅमिकॅसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली, गेल्या तीन महिन्यांत दुसरीकडे कुठे बोटॉक्स घेतलं. शेवटची गोष्ट लाजेने दडवली जाते. तीन महिन्यांत सगळं मिळून ४०० युनिटांची मर्यादा आहे, म्हणून ती सांगायलाच हवी. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका.

पाचवी पायरी: इंजेक्शनचा दिवस

भूल लागत नाही, उपाशीपोटी जायचं नाही. उलट नाश्ता करूनच जा. उपाशी राहिलं की मायग्रेन उठतं हे तुम्हाला सांगायला नकोच. केस आदल्या दिवशी धुवा, तेल लावू नका, कारण ३१ पैकी निम्म्याच्या आसपास टोचे केसांतून जातात. गळा मोकळा असलेले कपडे घाला. मंगळसूत्र, साखळी, कानातले लोंबते डूल काढून ठेवा. टिकलीही काढा: एक टोचा जवळजवळ टिकलीच्या जागीच असतो. दुचाकीने गेलात तर येताना हेल्मेट ताज्या टोचलेल्या कपाळावर दाबून बसतं, तेव्हा त्या दिवशी रिक्षा बरी.

कुपी तुमच्यासमोर फोडायला सांगा. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती रिकामीच वाटते. तळाशी काचेला चिकटलेला पांढरा पातळ थर असतो, तेच औषध. आत निर्वात असतं, त्यामुळे सलाइनची सुई रबरी बुचातून आत गेली की सलाइन आपोआप खेचलं जातं. तसं खेचलं गेलं नाही तर कुपीत हवा शिरलेली आहे आणि ती टाकून द्यायची असते. १०० युनिटांच्या कुपीत २ मिलि सलाइन घालतात, ती हलकेच फिरवतात, खळखळवत नाहीत. म्हणजे ०.१ मिलिमध्ये ५ युनिट, आणि हाच एका टोच्याचा डोस. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसच्या फ्रिजमध्ये हवी, आणि विरघळवलेलं औषध फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत संपवायचं. पिशवीतून आलेली कोमट कुपी दिसली तर विचारा.

आता ३१ टोचे कुठे ते बघू. दोन भुवयांच्या आतल्या टोकांशी, हाडाच्या कडेपासून साधारण दीड सेंटिमीटर वर, एकेक, मिळून १० युनिट. दोन्हींच्या मध्ये एक, ५ युनिट. कपाळावर चार, २० युनिट. हे कपाळाच्या वरच्या तिसऱ्या भागात, भुवयांपासून दूर. दोन्ही कानशिलांवर केसांत चार-चार, ४० युनिट. डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या दोन बाजूंना तीन-तीन, ३० युनिट. मानेच्या वरच्या भागात, मणक्याच्या दोन बाजूंना दोन-दोन, २० युनिट. आणि मानेपासून खांद्याकडे उतरणाऱ्या स्नायूत तीन-तीन, ३० युनिट. बेरीज करून बघा, १५५ होते.

कपाळ आणि कानशिलं बहुधा निजवून करतात, मान आणि खांदे बसवून. सुई ३० गेजची, अर्ध्या इंचाची, इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक. सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. कपाळाचे टोचे जास्त झोंबतात, कानशिलाजवळ सुई शिरताना कानात 'कर्र' असा बारीक आवाज येऊ शकतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. कपाळावर डास चावल्यासारखे फुगवटे येतात, ते थोड्या वेळाने बसतात. घेरी आल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा, आडवं करतील.

मेंदूत काहीही जात नाही. त्वचेतल्या आणि स्नायूंतल्या वेदना-नसांच्या टोकांशी हे औषध काम करतं. तिथून सीजीआरपीसारखी वेदना भडकवणारी रसायनं बाहेर पडायला जे एक प्रथिन लागतं, ते हे औषध तोडतं. हा उपयोग कळला तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, लॉस एंजेलिसच्या विल्यम बाइंडर या प्लास्टिक सर्जनकडे सुरकुत्यांसाठी येणारे लोक "डोकं दुखायचं कमी झालं" असं सांगू लागले तेव्हा. क्रॉनिक मायग्रेनसाठी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली २०१० साली.

सहावी पायरी: घरी आल्यावर

चार तास आडवं होऊ नका. २४ तास टोचलेली जागा चोळू नका. म्हणजे चंपी नाही, तेल नाही, फेशियल नाही, भुवया कोरणं नाही. त्या दिवशी व्यायामशाळा आणि शीर्षासन-सर्वांगासन टाळा. अंघोळ चालते. त्या रात्री डोकं दुखलं तर ठरलेली गोळी घ्या. टोचल्यावर दोन-चार दिवस दुखणं वाढू शकतं. प्रतिबंधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टर सांगेपर्यंत चालूच ठेवा.

फरक लगेच शोधू नका. साधारण एक ते दोन आठवड्यांनी सुरुवात होते. बऱ्याच जणांना आधी दुखण्याची धार कमी झालेली जाणवते, ३ चे २ होतात, आणि दिवस त्यानंतर कमी होतात. म्हणूनच कॅलेंडरवर नुसती फुली न मारता आकडे लिहायचे. दहाव्या आठवड्यानंतर पुन्हा वाढल्यासारखं वाटणं नेहमीचं आहे. पुढचा डोस १२ आठवड्यांनी असतो. मधेच लवकर मागू नका. पुढची तारीख त्याच दिवशी घेऊन ठेवली तर चौदा-पंधरा आठवड्यांवर घसरत नाही.

काय बिघडतं आणि का

सर्वांत जास्त तक्रार मानदुखीची. चाचण्यांत बोटॉक्स घेतलेल्यांपैकी साधारण ९ टक्के लोकांना ती झाली. मानेतले टोचे फार खाली किंवा फार खोल गेले तर मान सांभाळणारे स्नायूच सैल पडतात आणि डोकं जड वाटतं, संगणकासमोर मान धरवत नाही. बारीक, लांब मानेच्या माणसांना आणि मुळात मान दुखणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. शेकल्याने आणि साध्या गोळीने काही आठवड्यांत उतरतं. पुढच्या वेळी डॉक्टरांना नक्की सांगा, ते टोचे वर घेतात.

पापणी लोंबणं साधारण ४ टक्के लोकांत. भुवईजवळचा टोचा खाली गेला की औषध झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचतं. काही आठवड्यांनी आपोआप सुटतं. तोवर डोळ्यांचे थेंब देता येतात, ते डॉक्टरांनाच विचारून. पापणी ठीक पण भुवईच खाली आली, तर कपाळाचे टोचे खाली पडले असं समजा. भुवयांची बाहेरची टोकं रागावल्यासारखी वर चढली, तर कपाळाचा कडेचा भाग मोकळा राहिला. तिथे एक-दोन युनिट देऊन ते बसवता येतं. यासाठी पहिल्या डोसाआधी कपाळ मोकळं ठेवून, एकदा साधा चेहरा आणि एकदा भुवया उंचावून, फोटो काढून ठेवा. आधीपासूनच एक पापणी थोडी खाली असणारे बरेच असतात आणि इंजेक्शननंतरच आरशात नीट बघतात.

गिळायला त्रास, आवाज बदलणं, दोन-दोन दिसणं, धाप लागणं किंवा सगळ्या अंगाला अशक्तपणा: हे या मात्रेत फार क्वचित होतं, पण काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतं. तेव्हा फोन करत बसू नका, थेट रुग्णालयात जा आणि बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजेच बोटॉक्स, घेतल्याची तारीख सांगा.

सातवी पायरी: उपयोग झाला का?

अपेक्षा खरी ठेवली तर हा उपचार निराश करत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रीएम्प्ट या दोन चाचण्यांत मिळून १,३८४ रुग्ण होते. महिन्याला सुमारे २० दिवस दुखणारे. २४ आठवड्यांनी बोटॉक्स घेतलेल्यांचे सरासरी ८.४ दिवस कमी झाले आणि नुसतं सलाइन टोचलेल्यांचे ६.६. सरासरीतला हा फरक लहान दिसतो, कारण तिच्यात खूप फायदा झालेले आणि काहीच न झालेले एकत्र मिसळलेले आहेत. बोटॉक्स घेतलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचे दिवस पहिल्याच फेरीत अर्ध्यावर आले. आणखी एक दशांश लोकांचे दुसऱ्या फेरीनंतर, आणि तेवढ्यांचेच तिसऱ्यानंतर. म्हणून एका डोसावर निकाल देऊ नका. परवडत असेल तर दोन फेऱ्यांचे पैसे आधीच बाजूला काढा. एका फेरीपुरतेच असतील तर थोडं थांबून दोन्हींची सोय झाल्यावर सुरू करणं शहाणपणाचं.

हिशेब सोपा आहे. सुरू करण्याआधीच्या महिन्यांत सरासरी २२ दिवस दुखत होतं, दुसऱ्या डोसानंतर १४ दिवस झाले. ८ दिवस कमी, म्हणजे सुमारे ३६ टक्के. नाइसच्या नियमाप्रमाणे दोन फेऱ्यांनंतर ३० टक्क्यांपेक्षा कमी घट असेल तर थांबायचं. इथे चालू ठेवायला हरकत नाही. सोबत टिंबंही मोजा. दिवस २२ वरून १८ वरच आले पण ३ चे दिवस १० वरून ३ वर आणि गोळ्या निम्म्यावर आल्या असतील, तर हे डॉक्टरांना दाखवून मगच ठरवा. घरच्यांनाही विचारा, अंधाऱ्या खोलीतले दिवस त्यांनीच मोजलेले असतात.

महिन्यातले दुखण्याचे दिवस सलग तीन महिने १५ च्या खाली राहिले तर थांबून बघायचा विषय डॉक्टरांकडे काढा. थांबल्यावरही कॅलेंडर चालू ठेवा. दिवस पुन्हा चढू लागले तर पुन्हा सुरू करता येतं, आणि तेव्हा पहिल्या वेळचे आकडे हाताशी असलेले बरे.

दोन-तीन फेऱ्यांनी काहीच हललं नाही, तर पुढे जाण्याआधी तीन गोष्टी पुन्हा तपासून घ्या: वेदनाशामक गोळ्या गुपचूप वाढल्यात का, मात्रा पूर्ण १५५ ची होती का, आणि निदान खरंच मायग्रेनचंच आहे का. तिन्ही बरोबर असतील तर सीजीआरपीविरोधी प्रतिपिंडांची इंजेक्शनं हा पुढचा पर्याय. ती साधारण महिन्यातून एकदा, दंडात, पोटात किंवा मांडीत टोचतात. त्या भेटीला जाताना तोच कॅलेंडरचा गठ्ठा आणि तोच चार रकान्यांचा कागद बरोबर न्या.